रस्त्यापुरती गाठ

विहिरीच्या काठावर दोर धरून बसणं हे माझं काम होतं, आणि मला आयुष्यात काय जमलं नसेल तर ते बसणं. जेवता जेवता मी दोनदा ताटावरून उठायचो. पेपर लिहिताना आधी उठून जायचो आणि मग बाहेर उभा राहून एखादं उत्तर आठवायचो. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे, याला बायको मिळाली तरी ती दमून माहेरी जाईल. अशा माणसाच्या हाती भाऊजींनी आपला दोर दिला होता. त्यांची चूक असलीच तर एवढीच.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, सौंसरचे. पंधरा वर्षं नौदलात पाणबुडे होते. ऐंशीच्या सुमारास पेन्शन घेऊन घरी आले, ते एका लोखंडी पेटीत विचित्र सामान घेऊन. पाठीवर बांधायची हवेची टाकी, काचेचा चष्मा, बदकासारखे रबरी पाय. मुंबईच्या गोदीजवळच्या जुन्या बाजारात त्यांनी हे सगळं जमवलं होतं. पहिले पंधरा दिवस लोक ते बघायला येत होते. सगळे एकच विचारायचे, "भाऊ, सौंसरात समुद्र कुठी हाये?" भाऊजी म्हणायचे, "विहिरी तर हायेत ना."

आणि खरंच होतं ते. त्या वर्षांत आमच्याकडे संत्र्याचे बगीचे वाढत होते, बगीच्यापाठोपाठ विजेचे पंप आले आणि पंपापाठोपाठ विहिरी खोल जात राहिल्या. दर पावसाळ्यात कुणाचा तरी नळ निसटायचा, कुणाची मोटर बुडायची. गावातले पट्टीचे पोहणारे पंधरा-वीस फूट बुडी मारायचे, त्याखाली गेले की कान धरून वर यायचे. मग माणूस सौंसरला येऊन भाऊजींच्या ओट्यावर बसायचा.

मी पांढुर्ण्याचा. आमच्या घरी संत्र्याच्या पेट्या भरायचं काम चाले. लाकडी पेटीत भाताचं तणस, तणसावर संत्री, वर फळ्या ठोकायच्या आणि मग सुतळीनं आडवी-उभी बांधायची. बांधायचं काम माझ्याकडे, कारण त्यात चालता-फिरता येतं. सुतळी आधी पाण्यात भिजवून घ्यायची. ओली असताना आवळली की गाठ अशी बसते की कलकत्त्याला पोचेपर्यंत तिला कुणाचा बाप सोडू शकत नाही. माझ्या हातची पेटी वाटेत उकलली, असं एकदाही कानावर आलं नाही. याचा मला माज होता आणि तो मी लपवत नव्हतो.

पेट्या भरायच्या आमच्या कोठीत आणखी एक रिवाज होता. ज्यानं गाठ बांधली त्यानं ती सोडायची नाही. पेटी उघडावीच लागली तर दुसऱ्याला हाक मारायची. बांधणाऱ्यानं स्वतः सोडली की माल परत येतो, असं आजोबांपासून सगळे मानत. मी विज्ञान शिकलेला होतो, असल्या गोष्टींना हसायचो, पण स्वतःची गाठ कधी सोडत नव्हतो. हात जातच नसे तिकडे.

त्या हिवाळ्यात मी सौंसरला ताईकडे पडून होतो. आंब्या बहाराची संत्री निघून गेली होती, मृग बहाराची यायला अवकाश होता, आणि एका कारकुनीच्या मुलाखतीचं पत्र येतं की नाही याची मी वाट पाहत होतो. म्हणजे दिवसातून चारदा पोस्टमनच्या वाटेवर जाऊन येत होतो. भाऊजी मुंबईला टाकी भरून आणायला गेले होते. तशी हवा इकडे कुठंच भरून मिळत नसे. नागपूरहून छोट्या लाईनच्या गाडीनं ते परतले तेव्हा मोठ्या टाकीसोबत एक लहान बाटलीही होती. हातभर लांब, पितळी तोंडाची, पिवळा रंग उडालेली.

"हे आता काय आणलं?" ताईनं विचारलं.

"मोठीनं दगा दिला तर ही. वर येण्यापुरती हवा हाये हिच्यात."

"म्हणजे मोठी दगा देते?"

भाऊजी बाटलीचं तोंड पुसू लागले. आजवर ताईला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. मी मात्र खूश होतो. हाताला काम मिळालं होतं.

ती बाटली मोठ्या टाकीला कशी जोडायची हे भाऊजींनी मला अंगणात बाजेवर बसून समजावलं. टाकीच्या उजव्या अंगाला, तोंड वर करून, दोन पट्ट्यांनी आवळायची. केसभरही हलता कामा नये. तिचा नळ काखेखालून पुढं आणायचा आणि श्वास घ्यायचं रबरी तोंड हनुवटीखाली, खांद्याच्या पट्ट्याला रबराच्या फासात अडकवायचं. फास असा की एका हिसक्यात तोंड मोकळं झालं पाहिजे. खाली अंधार असतो, चष्म्यातून आपलीच छाती दिसत नाही. हात जाईल तिथं ते सापडलं पाहिजे आणि ओढलं की आलं पाहिजे.

"ध्यानात ठेव बाबू," ते म्हणाले, "बाटली पक्की, तोंड ढिलं. याच्या उलट केलं तर मी मेलो."

दुसऱ्या दिवशी ते पेन्शनच्या कागदांसाठी छिंदवाड्याला गेले आणि मी कामाला लागलो. आधी पेट्यांची लोखंडी पट्टी वापरून पाहिली. ती गोल टाकीवरून घसरायची. मग खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि बोल्ट कसले. तशी बसली, पण बाटलीचं तोंड डोक्याला लागायला लागलं. मी ती पाठीवर घेऊन अंगणात फिरून पाहत होतो, शेजारच्या बायका गच्चीवरून हसत होत्या. दोन बोटं खाली घेतली. मग सगळं ओझं उजवीकडे कलंडू लागलं, तेव्हा कमरेच्या पट्ट्यातलं शिशाचं एक वजन डावीकडे सरकवलं. फास ट्यूबचाच केला. संध्याकाळी भाऊजी आले, त्यांनी बाटली धरून सगळी टाकी हलवली. बाटली जागची हलली नाही. तोंड ओढलं, ते फट्‌कन हातात आलं. "पेटीवाला कामाचा हाये," ते म्हणाले. मी रात्री जेवताना एकदाच उठलो.

त्यांनी बगीच्यातल्या सिमेंटच्या हौदात तीनदा उतरून पाहिलं. ताई काठावर उभी होती. तिसऱ्यांदा ते वर आल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"तूच बांधलं ना सगळं?"

"मीच."

"मंग झालं," ती म्हणाली आणि घरी गेली. त्यानंतर त्या बाटलीबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

आठवडाभरात तिगावकडून बोलावणं आलं. एका बगीच्यातल्या विहिरीत पंपाच्या नळाच्या बुडाची झडप, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, ती गाळात अडकून बसली होती. नळही मधून निखळून तिरपा पडला होता. झाडांचं पाणी तोडून ताण देऊन झाला होता, आता पाणी सोडायची वेळ. आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं नाही तर बहार फुटणार नव्हता आणि त्या घरचं वर्ष गेलं असतं. विहिरीत पाणी होतं तीस-पस्तीस फूट. पाणी डोळ्यांपुढे आणि झाडं तहानलेली.

सकाळी घरून निघताना भाऊजींनी दोन्ही तोंडांतून श्वास घेऊन पाहिला. त्यांचा नियमच होता, दोनदा पाहायचं. एकदा घरी त्यांनी, एकदा पाण्याशी मी. मग आम्ही फटफटीवर निघालो. ते पुढे, मी मागे, आणि मधे गोधडीत गुंडाळलेली टाकी, जशी काही म्हातारी दवाखान्यात नेत होतो. रस्ता तेव्हा रस्ता नव्हताच. दर खड्ड्याला ते लहान रबरी तोंड फासातून निसटायचं आणि गोधडीबाहेर खाली लोंबून चाकाच्या धुळीत जायचं. दोनदा थांबून मी ते पुसून परत अडकवलं. तिसऱ्यांदा पुन्हा निसटलं तेव्हा माझं डोकं फिरलं. एकतर तासभर एका जागी बसून होतो. खिशात सुतळी होती, ती माझ्या खिशात नेहमीच असायची. ते तोंड पट्ट्यावर दाबलं, त्याच्यावरून आडवा-उभा वेढा घेतला आणि गाठ मारली.

भाऊजी बाभळीशी उभे राहून बिडी पीत होते. "काय करून राहिला?"

"रस्त्यापुरतं बांधून राहिलो."

"सोडजो मंग आठवणीनं."

"हो."

बगीच्यात पोचलो तर मालक आमची वाट पाहून अर्धे झाले होते. साठीचे गृहस्थ, धोतर, डोक्याला फडकं. भाऊजींनी हात-पाय धुवायच्या आत ते नळाची हकिगत तिसऱ्यांदा सांगत होते. "काकाजी, उतरू तर द्या," भाऊजी म्हणाले. मी टाकी विहिरीच्या काठच्या थाळ्यावर ठेवली, गोधडी काढली आणि ती सुतळी माझ्या नजरेला पडली.

इथं मी थांबतो, कारण याच्या पुढचं मी पुष्कळदा मनात वेगळं करून पाहिलेलं आहे. सुतळी माझ्या हाताजवळ होती. मी मारलेली गाठ, कोरडी, नखानं निघाली असती. पण माझा हात गेला नाही. मी बाजूला उभ्या असलेल्या गड्याला म्हटलं, "भाऊ, तेवढी सुतळी सोड बरं." कोठीत रोज वीसदा म्हणत असे तसंच. तो "हो जी" म्हणून खाली वाकला. मी दोर उकलायला वळलो. तेवढ्यात मालकांनी त्याला वरचा नळ धरायला हाक मारली आणि तो गेला. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की सांगून झालं.

टाकी मी मागून उचलून भाऊजींच्या पाठीवर चढवली, मागूनच पट्टे ओढले. मी पाठीशी होतो, सुतळी छातीशी. त्यांनी चष्मा लावला आणि पायरीवर बसून विचारलं, "पाहिलं का?"

"पाहिलं," मी म्हटलं.

ते पाण्यात गेले. दोराच्या खुणा ठरलेल्या होत्या. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, सारखे हिसके म्हणजे ओढ. बाकी वरच्या माणसानं फक्त बुडबुडे पाहायचे. बुडबुडे येतात तोवर माणूस श्वास घेतो आहे. ते गोल गोल फुटत होते, पूर्वेकडच्या भिंतीशी, आणि मी थाळ्यावर येरझाऱ्या घालत होतो. मालकीणबाईंनी चहा आणून दिला, तो मी उकळता प्यायलो आणि जीभ भाजून घेतली. पेला ठेवला, परत उचलला. एक हिसका आला. मी उत्तर दिलं. मालक विचारत होते, "निघन ना फुटबॉल?" मी म्हणत होतो, "निघन, निघन." कधी एकदा हे संपतं आणि मी बगीच्यात दोन चकरा मारून येतो, असं झालं होतं.

खालून काहीतरी घासल्याचा आवाज आला. पाणी गढूळ झालं आणि बुडबुडे बंद झाले.

मी जागच्या जागी उभा राहिलो. बहुधा जन्मात पहिल्यांदा. भाऊजी श्वास रोखून ठेवत नसत, ते तर मलाच बजावायचे, खाली श्वास रोखायचा नाही म्हणून. मी मनात आकडे म्हणायला लागलो आणि आठाच्या पुढं मला काही सुचेना. मग दोराला हिसके बसले, एकामागून एक. मी ओढलं. दोर ताणला आणि आला नाही. मी ओरडलो, मालक धावले, तो गडी धावला, तिघं मिळून ओढायला लागलो तरी दोर येईना. जणू विहिरीच्या बुडालाच बांधला होता. मला ताई दिसायला लागली, हौदाच्या काठावर उभी. मंग झालं, म्हणणारी.

मग दोर एकदम हलका झाला आणि आम्ही तिघंही मागं पडलो.

भाऊजी वर आले ते तोंड उघडं ठेवून. त्यांनी जो श्वास घेतला त्याचा आवाज मी विसरलेलो नाही. आम्ही त्यांना बगलेत धरून पायऱ्यांवर आणलं. ओठ निळे, उजव्या पिंढरीवर सोललेलं, डोळे लाल. ते बसले आणि बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, बाटलीनं काम केलं.

मालकांनी भीत भीत विचारलं, "फुटबॉल?"

"निघन काकाजी. आज नाही." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हनुवटीखाली बोट दाखवलं.

सुतळी तिथंच होती. आडवी-उभी, पाण्यानं फुगलेली, रबरात रुतलेली.

मी त्या गड्याकडे पाहिलं, तो मालकांकडे पाहत होता. मी भाऊजींच्या पायाला बांधलेली सुरी काढायला वाकलो, कापायला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"कापू नको. हातानं सोड."

"भाऊजी, मी याले सांगितलं होतं..."

"त्याले नको सांगू. तू बांधली, तूच सोड."

ओली सुतळी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मीच ती रोज भिजवत होतो. ती पाण्यात जाणार, फुगणार, आवळणार, हे माझ्या बोटांना पाठ होतं. पण ते पेट्यांचं ज्ञान होतं, ते इकडं आलंच नाही. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून गाठ उकलू लागलो. नख तुटलं. ते वरून पाहत होते, श्वास अजून लागत होता. आणि उकलता उकलता मला दिसलं, की तोंडावरच्या वेढ्याचे दोन पदर तुटलेले आहेत. कापलेले नाहीत, चावलेले. दातांच्या खुणा होत्या. रबराच्या कडेलाही होत्या.

मला रडू आलं. चार माणसांत, गुडघ्यावर बसून. गाठ सुटेपर्यंत भाऊजींनी मला तसंच बसू दिलं.

येताना तिगावच्या रेल्वे फाटकाशी गाडी जायची म्हणून थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं. गाळातून झडप हलली तसा वरचा नळ लोळला. उजवा पाय नळ आणि भिंतीच्या मधे सापडला. सुरी त्याच पायाला. टाकीची हवा सोडायची कळ नळाला घासून फिरली आणि हवा बंद झाली. मागं हात पोचेना. मग त्यांनी हनुवटीखाली हात घातला. "हाती तर आलं," ते म्हणाले, "पण आलं नाही." पुढं ते सुतळीचा नाद सोडून दोन्ही हातांनी नळ ढकलत राहिले. बाटलीतली हवा भरलेली, हवा मोजायच्या काट्यावर जशीच्या तशी. मुंबईहून आणलेली.

"घरी सांगू नको," गाडी गेल्यावर ते म्हणाले.

घरी ताईनं पिंढरी पाहिली, हळद लावली, चार शिव्या दिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाटली नीट राहिली ना? हालली-बिलली तर नाही?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी भाऊजी बोलले, "तुह्या भावाची गाठ हाये. पाण्यातही सुटत नाही."

ती केवढी खूश झाली. "लहानपणापासूनच तसा आहे तो," म्हणत तिनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली आणि एकदाही उठलो नाही. ताईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे.

मी भाऊजींना सांगितलं होतं, की आता दोर दुसऱ्या कुणाला द्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी फटफटी बाहेर काढली, टाकी गोधडीत गुंडाळून मधे ठेवली आणि मागची जागा मोकळी ठेवून माझी वाट पाहत बसले. रस्ताभर ते लहान तोंड मी हातात धरून नेलं. दोन तास हात हलवला नाही.

विहिरीशी मालक पुन्हा घाईत होते. दुसऱ्या बगीच्यांत पाणी सुटलं होतं. भाऊजी पायरीवर बसले, चष्मा लावला.

"पाहिलं का?"

मी पाठीमागून पुढं आलो. फासातून तोंड ओढलं, ते हातात आलं. परत अडकवलं, परत ओढलं. मग ते माझ्या तोंडात धरून श्वास घेतला. रबराची चव होती, आणि कडेला दातांच्या खुणा जिभेला लागत होत्या. मालक म्हणाले, "उन्हं वर आली गा, किती वेळ?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुसरा श्वास घेतला. तिसरा घेतला.

"पाहिलं का, बाबू?" भाऊजींनी पुन्हा विचारलं.

"थांबा भाऊजी," मी म्हटलं, "पाहून राहिलो."